आकाश उजळवून मिळेल!

आपल्याकडच्या फोटो छापणाऱ्या यंत्राची एक ठाम समजूत आहे. जगात टिपण्याजोगे जे काही घडते ते म्हणजे लग्न, आणि टिपण्याजोगी वस्तू म्हणजे नवरीचा चेहरा! तो चेहरा गोरा, गुळगुळीत आणि उजळ निघाला म्हणजे यंत्र कृतकृत्य होते, यंत्रवाला कृतकृत्य होतो आणि मुलीचा बापही पैसे मोजून मोकळा होतो. या समजुतीला माझी हरकत नाही. लग्ने व्हावीत, नवऱ्या उजळ निघाव्यात. माझी हरकत आहे ती हे यंत्र मृग नक्षत्रालाही नवरी समजते याला.

दिवाळीच्या अंकात, चिरोटे आणि कंदील सोडून, हा विषय कुठून काढला, असे कोणी म्हणेल. पण लक्ष्मीपूजनाची रात्र ही अमावास्येची रात्र. वर्षातल्या ज्या बारा-तेरा रात्री आकाश सर्वांत काळे असते त्यांतलीच ही एक, आणि पाऊस नुकताच सरलेला असल्यामुळे हवाही धुतलेली. गावाकडच्या अंगणातले दिवे शांत झाले, फटाक्यांचा धूर विरला, की दहा-अकराच्या सुमारास पूर्वेकडे कृत्तिका चांगल्या वर आलेल्या असतात, त्यांच्या मागे तांबूस रोहिणी असते, आणि क्षितिजावर मृग उगवू लागलेला असतो. पूर्वी हे नुसते पाहायचे. आता घरोघरी कोणाच्या तरी हातात कॅमेरा असतो, निदान बरा फोन तरी असतोच. तो तिपाईवर घट्ट बसवून पंधरा-वीस सेकंद डोळा उघडा ठेवला तर डोळ्यांना न दिसणारे तारेही त्यात उतरतात. पुण्यात १९४४ साली ज्योतिर्विद्या परिसंस्था निघाली तेव्हापासून, आणि पुढे वांगणीच्या माळावर रात्र रात्र जागून लोकांना तारे दाखवणाऱ्या मंडळींच्या खटाटोपामुळे, महाराष्ट्रात आकाशाकडे पाहणारी दोन-तीन पिढ्यांची माणसे तयार झाली. फोटो काढणारे वाढले. त्यांचा फोटो कागदावर नीट उतरवून देणारा मात्र जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही.

आमच्या शाळेतल्या नववीच्या एका मुलीची गोष्ट सांगतो. मामाचा कॅमेरा मागून घेऊन तिने गावाबाहेरच्या खळ्यावरून कृत्तिकांचा फोटो काढला. नुसत्या डोळ्यांनी तिने सहा मोजल्या होत्या. फोटोत तिला सव्वीस सापडल्या. पोरीने वहीत आकृती काढली, एकेका ठिपक्याला क्रमांक दिला आणि तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी फोटो मोठा करून आणायला एका दुकानात दिला. प्रत आली ती पाहून मी थक्कच झालो. आकाश ओल्या सिमेंटच्या रंगाचे. खालचे बाभळीचे झाड, जे काळे दिसायला हवे होते, ते काविळीतून उठल्यासारखे पिवळे. आणि कृत्तिकांच्या जागी निरांजनातली फुलवात ठेवावी तसा एक पांढरा बोळा! मी दुकानात गेलो. दुकानदार मोठ्या सौजन्याने म्हणाला, "सर, फोटो फारच काळा होता. उजळवून दिलाय. आणि वर धूळ होती पुष्कळ, तीही साफ केली. त्याचे वेगळे पैसे लावले नाहीत."

ती धूळ म्हणजे तारे होते. प्रदर्शन दुसऱ्या दिवशी होते, म्हणून तीच प्रत लावावी लागली. परीक्षकांनी खालची चिठ्ठी वाचून विचारले, "सव्वीस कुठे आहेत, दाखव बरं." मुलीने बोट पुढे केले आणि मागे घेतले.

आता यात दुकानदाराचा वाईट हेतू नव्हता हे मी शपथेवर सांगेन. त्याने केले ते यंत्राच्या समजुतीप्रमाणेच केले. ही समजूत कशी आहे ते पाहण्यासारखे आहे. सामान्य फोटोतल्या उजेडाची आणि अंधाराची सरासरी काढली तर ती मध्यम करड्या रंगाच्या आसपास येते, हे फोटोग्राफीतले जुने गृहीत. माणसे, झाडे, घरे, भिंती, साड्या यांना ते बरेचसे लागूही पडते. यंत्रातली 'ऑटो करेक्शन' नावाची सोय या गृहीतावर चालते. फोटो काळा दिसला की तिला वाटते, बिचाऱ्याचा उजेड कमी पडला. मग ती सगळेच वर ओढते. काळे आकाश करडे होते, आणि काळोखात दडलेला कॅमेऱ्याचा बारीक कचकचाट, ज्याला ही मंडळी 'नॉइज' म्हणतात, तो उघडा पडतो. मग तो झाकायला दुसरी सोय धावून येते. ती एकटा-दुकटा ठिपका दिसला की पुसते. कचकचाटाचा ठिपका कोणता आणि बाराशे वर्षे प्रवास करून आलेला उजेड कोणता, हे तिला कोणी शिकवलेले नाही. शिवाय तिसरी सोय कडा तीक्ष्ण करणारी; ती उरलेल्या मोठ्या ताऱ्यांभोवती काळी कडी काढून ठेवते. एका फोटोवर तीन-तीन वैद्य, आणि रोगी ठणठणीत असताना!

रोलच्या जमान्यात सगळे चांगले होते, असा गळा मी काढणार नाही. त्या काळीही आकाशाचे रोल धुवायला दिले की "काही आलं नाही" म्हणून निगेटिव्ह कोरी समजून परत येत. दोन चौकटींमधली फट नीट ओळखू येत नाही, म्हणून कातरवाला नेमकी आकाशगंगा मधोमध कापून देई. शहाणी माणसे त्यासाठी रोलचा पहिला फोटो दिवसा काढून ठेवत, म्हणजे कापणाऱ्याला माप मिळे. पण त्या काळच्या चांगल्या डार्करूमवाल्याची एक सवय होती. मोठी प्रत काढण्यापूर्वी तो कागदाची एक पट्टी घेई. तिच्या एका भागावर दोन सेकंद उजेड, पुढच्यावर चार, पुढच्यावर सहा, असे टप्पे पाडून ती धुई, आणि दिव्याखाली धरून पाही. पाही, हे महत्त्वाचे. आजच्या यंत्राशी माझे भांडण ते यंत्र आहे म्हणून नाही. त्याच यंत्रातून अप्रतिम प्रती निघतात, जुन्या एन्लार्जरला साधणार नाहीत अशा निघतात. भांडण आहे ते यंत्र आल्यावर माणसाने पाहायचे सोडले याच्याशी.

पाहणे म्हणजे काय, त्यासाठी एका माणसाचे नाव घेतो. एडवर्ड एमर्सन बर्नार्ड. १८५७ साली अमेरिकेत नॅशव्हिल येथे जन्मला, वडील जन्मापूर्वीच गेलेले, घरी अठराविश्वे दारिद्र्य. शाळा म्हणाल तर दोन महिने. (माझ्यासारख्या मॅट्रिकवर थांबलेल्याला हे वाचून केवढा धीर येतो!) नवव्या वर्षी तो एका फोटोच्या दुकानात कामाला लागला. त्या काळी मोठ्या प्रती काढायला सूर्याचाच उजेड वापरीत, आणि ते अवजड यंत्र सूर्याबरोबर सरकवत ठेवण्यासाठी एक पोरगा लागे. तो पोरगा हा. फोटो छापणाऱ्याच्या हाताखाली वाढलेला हाच मुलगा पुढे थोर ज्योतिर्विद झाला. १८९२ साली त्याने गुरूचा पाचवा चंद्र शोधला. लिक वेधशाळेत त्याने आकाशगंगेचे जे फोटो काढले ते एका जुन्या, माणसांचे चेहरे टिपण्यासाठी बनवलेल्या भिंगातून! म्हणजे चेहऱ्यांचे भिंगसुद्धा आकाशाला लावता येते. मागे बसलेला माणूस कोण आहे एवढाच प्रश्न.

या बर्नार्डला आकाशगंगेच्या फोटोंचा संग्रह प्रसिद्ध करायचा होता. छापखान्याच्या रीतीने ठसे करून छापलेले आकाश त्याला पसंत पडेना. धूसर मेघांच्या कडा त्यात मरतात, असे त्याचे म्हणणे. शेवटी ठरले की पुस्तकात शाईने छापलेली चित्रे न घालता प्रत्यक्ष फोटोच्या प्रतीच बसवायच्या. पुस्तकाच्या प्रती सातशे, आणि प्रत्येकीत पन्नासांवर फोटो. म्हणजे पस्तीस हजारांहून अधिक प्रती झाल्या, आणि त्यातली एकेक त्याने स्वतः तपासली. १९२३ साली तो वारला. त्याची भाची मेरी कॅल्व्हर्ट आणि एडविन फ्रॉस्ट यांनी उरलेले काम पुरे करून १९२७ साली तो संग्रह बाहेर काढला. पस्तीस हजार! आमच्या दुकानदाराला एक पाहायला सवड नव्हती.

यावर उत्तर ठरलेले असते: "सर, मोबाइलवर किती छान दिसतो बघा. छापायचा कशाला?" या उत्तराचे दोन भाग आहेत आणि दोन्ही तपासून घेतले पाहिजेत. मोबाइलवर छान दिसतो हे खरे. त्याचे कारण असे की पडदा स्वतः उजेड फेकतो. चांगल्या फोनच्या पडद्यावर काळ्या जागेचा दिवा पार विझलेला असतो. कागद बिचारा स्वयंप्रकाशी नाही. खोलीतला उजेड त्याच्यावर पडणार आणि परत फिरणार, त्यातून जे दिसेल ते दिसेल. अगदी काळी शाईसुद्धा थोडा उजेड परत फेकतेच. उत्तम चकचकीत कागदावर पांढऱ्यात आणि काळ्यात दोनशे-अडीचशेपट अंतर मिळाले तर डोक्यावरून पाणी. खरखरीत मॅट कागदावर चाळीस-पन्नासपट. आणि वर आकाशात? व्याध आणि डोळ्यांना जेमतेम दिसणारा सहाव्या प्रतीचा तारा यांच्या तेजात जवळजवळ हजारपट अंतर आहे. हजाराचा ऐवज दोनशेच्या पिशवीत भरायचा आहे! काय ठेवायचे, काय दाबायचे, कुठल्या ताऱ्याला नुसते तेज न देता थोडा आकार द्यायचा, हे कोणीतरी डोके वापरून ठरवल्याशिवाय ते मावणार नाही.

राहिला दुसरा भाग, छापायचा कशाला. घरातल्या फोनमध्ये पाच हजार फोटो असतात आणि ते कोणीच पाहत नाही. एक भिंतीवर असतो तो आल्यागेल्याला दिसतो, आजीला दिसतो, अभ्यास टाळणाऱ्या मुलाला तर फारच दिसतो. मुंबई-पुण्यातल्या मुलाला आज आकाशगंगा दाखवायची म्हटले तर गाडी काढून घाट चढावा लागतो. त्याच्या भिंतीवरचे आकाश हेच त्याचे पहिले आकाश. ते सिमेंटच्या रंगाचे असले तर आकाश सिमेंटच्या रंगाचे असते असेच तो शिकणार. आमच्या शाळांची प्रयोगशाळाही पाहा. तिथे हल्ली फ्लेक्सचे राज्य आहे. निवडणुकीचा, वाढदिवसाचा आणि दशक्रियेचा तोच फ्लेक्स, त्याच यंत्रावर छापलेली आकाशगंगा. दहा फुटांवरून वाचायच्या अक्षरांसाठी बनवलेल्या त्या कापडावर बारीक तारा उरतच नाही, आणि खाली गोलांमध्ये शुभेच्छुकांचे चेहरे मात्र स्पष्ट! मी एका शाळेत सूर्यमालेच्या फ्लेक्सवर गुरूपेक्षा मोठे झालेले देणगीदार पाहिले आहेत.

दुकानदारांना एवढे बोलल्यावर फोटो काढणाऱ्यांना सोडणे बरे नव्हे. त्यांचा आजार वेगळा. त्यांना आकाश जांभळे हवे असते. रात्री अंधाऱ्या खोलीत, पडद्याचा उजेड पूर्ण चढवून, ते फोटो सजवत बसतात. पडद्यावर तो झगमगतो आणि कागदावर कोळसा होऊन येतो. मग यंत्रवाल्याला शिव्या! यावर उपाय फुकटचा आहे. टेबलावर दिव्याच्या उजेडात एक कोरा पांढरा कागद ठेवावा आणि पडद्यावरचे पांढरे त्या कागदाइतकेच उजळ दिसेल इथपर्यंत पडदा उतरवावा. एवढ्याने निम्मी भांडणे मिटतात. रंगांचेही तसेच. ताऱ्यांना रंग आहेतच: ज्येष्ठा तांबडी, मृगाच्या पायाशी राजन्य निळसर पांढरा. मृगातल्या तेजोमेघाची लाली हायड्रोजनची, ६५६.३ नॅनोमीटरची, फार गडद. ती पडद्यालाही पुरती झेपत नाही, मग शाईला कुठून झेपणार? तिथे रंगाची कळ आणखी पिरगाळली की लाल गडद होत नाही, नुसता सपाट होतो. मेघातले पदर जातात आणि विटेचा तुकडा उरतो. निळ्या-जांभळ्याची गत तर छापखान्यात त्याहून वाईट. संपादक रागावणार नसतील तर सांगतो: अशा चित्राला दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ ही सर्वांत अवघड जागा. चार शाया एकावर एक पडायच्या, आणि त्यातली एक केसभर सरकली की प्रत्येक ताऱ्याला एका बाजूने तांबडी आणि दुसऱ्या बाजूने निळी किनार. आकाशाची पैठणी होते!

कलावंत म्हणवणाऱ्या काही मंडळींचा हट्ट खरखरीत मॅट कागदाचा असतो. चित्रासारखे दिसते म्हणे. दिवसाच्या डोंगरदऱ्यांना तो कागद शोभतो, मी नाही म्हणत नाही. रात्रीला तो मारक आहे, कारण त्याचा काळा हा मुळात काळाच नसतो, राखाडी असतो. उलट आरशासारखा चकचकीत कागद काळ्याला खोल करतो, पण त्यावर काच बसवून ट्यूबलाइटसमोर टांगला की मृगाच्या जागी स्वतःचेच तोंड दिसते. माझे मत मधल्या, अंगावर बारीक दाणा असलेल्या कागदाला आहे. त्याला दुकानात 'लस्टर' म्हणतात आणि लग्नाच्या अल्बमांमुळे तो पुष्कळ दुकानांत असतोही. लग्नांचा आमच्यावर एवढा एक उपकार.

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत घरातल्या कोणी आकाशाचा फोटो काढला तर तो व्हॉट्सअॅपवरून दुकानात धाडू नका. तिथून साध्या फोटोसारखा पाठवलेला फोटो वाटेत अंग चोरतो, आणि त्यात पहिले बळी बारीक ताऱ्यांचे जातात. मूळ फाइल पेन ड्राइव्हवर घालून स्वतः जा. बारा बाय अठरा इंचांची प्रत हवी असेल तर इंचाला तीनशे ठिपके धरून तीन हजार सहाशे बाय पाच हजार चारशे ठिपके लागतात. तेवढे फाइलीत आहेत का, ते दुकानातल्या मुलालाच मोजायला लावा, त्यालाही कामाची गंमत वाटेल. आकाशाच्या रंगात पायऱ्या पडल्यासारखे पट्टे दिसत असतील तर काढणाऱ्याकडून सोळा बिटांची टिफ फाइल मागून घ्या आणि सगळी सजावट तिच्यावर करा. साध्या जेपेगमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत दोनशे छप्पनच पायऱ्या असतात, आणि रात्रीचे सगळे आकाश त्यातल्या तळाच्या मोजक्या पायऱ्यांवर दाटीवाटीने उभे असते. त्यांना ओढताण केली की मधल्या फटी दिसणारच.

आणि खिडकीशी उभे राहून स्पष्ट सांगा: ऑटो करेक्शन बंद, धूळ साफ करायची नाही, तीक्ष्ण करायचे नाही. तो म्हणेल, "सर, काळा येईल." म्हणावे, "येऊ दे." मोठी प्रत काढण्याआधी त्याच फोटोच्या चार छोट्या प्रती काढून घ्या, एकीहून एक जरा उजळ. चारींना मिळून मिसळीच्या एका ताटलीइतके पैसे पडत नाहीत. त्या दुकानातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात पाहू नका. घरी नेऊन, जिथे फोटो टांगायचा त्या भिंतीला चिकटवून, त्या भिंतीवरच्या दिव्यात रात्री पाहा. चारपैकी एक बरोबर असते. तिच्या पाठीवर खूण करा आणि ती घेऊन परत जा, म्हणजे "असाच येणार" म्हणायला जागा उरत नाही. भिंत खिडकीसमोरची नको. दिवा वरून, तिरपा. आणि लॅमिनेशन नको म्हणून आधीच सांगून ठेवा. तो विचारल्याशिवाय राहायचा नाही.